पाकिटावरचं फुप्फुस

सिगारेटच्या पाकिटांवर फुप्फुसाचं चित्र छापून येऊ लागलं, त्याच सुमारास केतकी दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून लागली. दारू सोडायला आलेली माणसं तिथं दिवसभर अंगणात धूर काढत बसत. "एवढं एक तरी राहू द्या बिचाऱ्यांना," असं कर्मचारीही म्हणत. केतकीला मात्र कुतूहल होतं. हे चित्र त्यांना दिसतं तरी का?

एका बैठकीत तिनं रिकामं पाकीट सगळ्यांसमोर धरलं. "ये क्या है?"

एकाला ते झाड वाटलं, दुसऱ्याला फुलपाखरू. नरसिंह कुलथे पाकीट फिरवून फिरवून पाहत राहिले. ते मूळचे परभणीचे, केंद्र सरकारच्या नोकरीत, मयूर विहारला राहणारे.

"एक्स-रे आहे हा," ते मराठीत म्हणाले. "पण कोणाचा?"

"असेल कोणा आजारी माणसाचा."

"मग माझा कसा दिसत असेल, मॅडम?"

नरसिंहांच्या खोकल्यामुळे डॉक्टर कधीचे एक्स-रे काढायला सांगत होते आणि ते टाळत होते. आता स्वतःहून गेले, केतकीला सोबत घेऊन.

डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली. नरसिंहांनी पाकीट तिच्या शेजारी धरलं. "इसमें खराबी कहाँ है?"

"अभी तो कुछ बड़ा नहीं दिखता," डॉक्टर म्हणाले. "पर एक्स-रे में सब कुछ नहीं दिखता. पीते रहोगे तो नुकसान होगा ही."

नरसिंहांनी फिल्मकडे पाठ फिरवली आणि पाकीट खिशात कोंबलं. बाहेर आल्यावर केतकीनं विचारलं, "आनंद नाही झाला?"

"मला वाटायचं, आत सगळं जळून गेलंय. दारूनं वाटोळं केलंच आहे, सिगारेटनं आणखी काय बिघडणार? आता हे शाबूत निघालं म्हणजे पंचाईतच झाली की. सांभाळावं लागणार."

"मग पाकिटावर तुम्ही काय छापलं असतं?"

त्यांनी ड्रेसिंगच्या खोलीतून पांढरी चिकटपट्टी मागून आणली, चित्रावर लावली आणि लिहिलं: 'अजून वाचलेलं आहे.'

अंगणात सगळ्यांनी त्याचा अर्थ विचारला. अशोक नावाचा टॅक्सीवाला म्हणाला, "यार, मेरे पैकेट पे भी लिख दो."

"तू तुझं सांग," नरसिंह म्हणाले.

अशोकनं बराच विचार केला. "पोती को गोद में उठाता हूँ तो साँस फूलती है. ये लिखो."

केंद्र सोडेपर्यंत नरसिंहांच्या सिगारेटी कमी झाल्या, सुटल्या नाहीत. घरी गेल्यावर सुटल्या, ऑफिसातल्या एका भांडणानंतर पुन्हा लागल्या. मग मात्र त्यांनी बायकोला, कुमुदिनीला, सोबतीला घेतलं. तलफ आली की दोघं सोसायटीला फेऱ्या मारत. हिवाळा संपता संपता सिगारेटी कायमच्या सुटल्या. सिगारेट सोडली तर दारू परत सुरू होईल, असं केंद्रात सगळ्यांना वाटे. तसं काही झालं नाही.

ते ऐकून केतकीनं सिगारेटसाठी वेगळी बैठक सुरू केली. पहिल्या दिवशी तिघंच आले, त्यातला एक पेटती सिगारेट घेऊन. तिनं त्यालाही बसायला खुर्ची दिली.