वरची आई

मला दोन आया. एक खालच्या गावातली, जिने मला जन्म दिला. दुसरी डोंगरावरच्या गावातली, जिचा मी मागच्या जन्मीचा मुलगा. आम्हा द्रूझ पंथाच्या लोकांत याचं कोणाला नवल वाटत नाही. इथे माणूस गेला की तत्क्षणी दुसरीकडे जन्मतो, आणि एखादं पोर बोलायला लागलं की मागच्या घराबद्दल बोलतं. वरच्या गावातला हायिल एकोणीस वर्षांचा होता. तो बसलेला सफरचंदांचा ट्रक दरीत गेला आणि त्याच दुपारी मी जन्मलो. चौथ्या वर्षी मी म्हणे एकदा म्हणालो, "माझं घर वर आहे, तिथे तुतीचं झाड आहे." झालं. आठ दिवसांत मला उचलून वर नेलं.

पुढचं मला तोंडपाठ आहे, कारण आमच्याकडे पाहुणे आले की हीच गोष्ट निघायची. भिंतीवर मेंढीच्या कातड्याचे तीन कोट टांगलेले होते, तिन्ही एकाच शिंप्याने शिवलेले. हायिलच्या वडिलांनी मला विचारलं, "यातला तुझा कोणता?" मी मधल्या कोटावर हात ठेवला. बायका रडायला लागल्या. हायिलच्या आईने मला कडेवर घेतलं ते अंधार पडेपर्यंत खाली ठेवलं नाही.

मग दर शुक्रवारी वर जायचं ठरलं. काय दिवस होते ते! काळ्या दगडांची ती चढण, द्राक्षांचे मळे, अंगणात गोल बसून एकाच नळीने आळीपाळीने ओढलेला मत्तेचा कडू चहा, आणि ताटात तुपात न्हालेली, भरडलेल्या गव्हाची आणि मटणाची मलीही. निघताना वरची आई खिशांत वाळके अंजीर कोंबायची. घरी आलो की खालची आई खिसे चाचपून म्हणायची, "घातलं का तिने जेवायला? दोन घरचं खातोस, अंगाला मात्र एकाही घरचं लागत नाही." वरच्या आईचं नाव तिने कधी घेतलं नाही. तिच्या तोंडी ती कायम 'ती'च.

पुढे मी दमास्कसला शिकायला गेलो आणि मोठ्या ऐटीत प्रबंधाचा विषय घेतला: मागचा जन्म सांगणारी द्रूझ मुलं. दहा घरं फिरलो, दहा प्रकरणं लिहिली. प्राध्यापक म्हणाले, "अकरावं प्रकरण तू स्वतः. त्या आईची मुलाखत आण, त्याशिवाय प्रबंध घेऊन येऊ नकोस."

अडचण अशी की मला हायिलचं काहीही आठवत नव्हतं. आठवत होतं ते लोकांनी सांगितलेलं. दहा घरांत जाऊन म्हाताऱ्यांना खोदून खोदून विचारणारा मी, स्वतःबद्दल खोटं कसं लिहिणार? आणि खरं लिहायचं तर आधी तिला सांगायला हवं होतं. हायिल तिचा एकुलता एक. मी तोंड उघडलं की तो दुसऱ्यांदा मरणार होता. ती चढण त्या शुक्रवारी मी चार ठिकाणी बसत चढलो.

ती अंगणात मोठ्या पातेल्यात द्राक्षाची काकवी ढवळत होती. हायिलचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. डोक्यावरची पांढरी ओढणी सावरत तिने माझ्या हातातल्या यंत्राकडे बघितलं.

"हे काय आणलंस?"

"टेप. तू बोललीस की यात राहतं."

"म्हणजे माझा आवाज परके पुरुष ऐकणार?"

"एकच पुरुष. तोही म्हातारा आहे."

"म्हातारे तर जास्तच कान देतात," ती म्हणाली. "कर सुरू."

मी टेप सुरू केला आणि प्रश्न विचारायचं सोडून भलतंच बोलून बसलो. "आई, मला काही आठवत नाही. तुती नाही, कोट नाही. हायिलचं काहीच नाही."

तिचा हात थांबला नाही. "तेव्हा तरी कुठे आठवत होतं?"

मी टेप बाजूला ठेवून तिच्याजवळ खाली बसलो.

"तू हात ठेवलास तो ह्यांच्या कोटावर. हायिलचा खिडकीकडचा होता. कोणी काही बोलायच्या आत मीच ओरडले, हाच, हाच माझ्या हायिलचा. जावेला कळलं होतं, पण तीही गप्प बसली."

"आणि ते?"

"त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग स्वतःचा कोट तुझ्यासाठी म्हणून गाठोड्यात बांधून दिला, आणि हायिलचा आपण घालत राहिले. मरेपर्यंत."

त्यांची मनगटं माझ्या डोळ्यांपुढे आली. भर बर्फातही कायम उघडी. एवढ्या मळ्यांचा मालक आणि बाह्यांना काटकसर, म्हणून आम्ही पोरं हसायचो त्यांना. मला रडू आवरेना.

"पण का, आई?"

"चार वर्षं या घरात कोणी भूक लागली म्हटलं नव्हतं. तू उंबरा ओलांडलास आणि म्हणालास, भूक लागली. मग कोटाचं काय घेऊन बसायचं?"

"म्हणजे मी हायिल नाही, असंच वाटतं ना तुला?"

"हायिल जन्मलाय कुठेतरी, त्यात मला शंका नाही. तिथे त्याला कोणीतरी जेवायला घालत असेल. मी तुला घातलं." तिने पळी पातेल्याच्या काठावर ठेवली. "आता तुझ्या वहीत काय लिहायचं ते लिही. फक्त शुक्रवार चुकवू नकोस."

मी दहाच प्रकरणं दिली. प्राध्यापक बरेच दिवस घुश्शात होते. त्यांचं बरोबर होतं, अभ्यास म्हणून माझं काम अपुरंच राहिलं. पण पुढची सहा वर्षं दमास्कसला राहूनही मी एकही शुक्रवार चुकवला नाही.

ती गेली तेव्हा मंगळवार होता. मी सुट्टीवर खालच्या घरी आलो होतो आणि जेवून आडवा झालो होतो. वरून निरोप्या आला, तो दारातच खालच्या आईशी हळू आवाजात काही बोलला. मग ती आत आली, माझ्याजवळ बसली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ बाळा," ती म्हणाली. "तुझी आई गेली."