ज्योत वाढवायला घ्या

कप पडून तुकडे झाले. काकू म्हणाल्या, "कप वाढला."

दिग्दर्शकांच्या गळ्यात पाटी: 'घसा बसलाय. ओरडू नका, कान शाबूत आहेत.'

फिटरच्या पिशवीत नट आवळायचे दोन पाने, एक कंगवा, अर्धं सफरचंद.

वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र: एक बाई गाल फुगवून मशालीवर फुंकर मारतेय. खाली, 'पेटली का हो?'

गोळाफेकीत चौथी आलेली मुलगी गवतावर अनवाणी नाचतेय, पहिली आल्यासारखी.

हे सगळं एकाच दिवसाचं, फक्त व्यंगचित्र सोळा दिवस जुनं. त्याच्या आदल्या दिवशी, उद्घाटनाला, स्पर्धेची ज्योत पेटायला अकरा सेकंद उशीर झाला आणि साऱ्या जगानं ते मोजले. तेव्हापासून फिटरचं नाव 'अकरा' पडलं. घरीसुद्धा.

आज समारोप. सूर्य नुकताच मावळला होता. ऐंशी हजार माणसं गच्च बसली होती आणि उंच खांबाच्या बुंध्याशी, लोखंडी जाळीच्या आत, फिटर आणि तिचा वेल्डर भाऊ उभे होते.

"काय अकरा, आज किती?"

"दादा, तोंड बंद ठेव. नाहीतर वितळवून चिकटवीन."

तिच्यापुढे दोन चाकं. डाव्यानं ज्योत लहानमोठी व्हायची, उजव्यानं गॅस तुटायचा. नियम असा, की वीस सेकंद ढोल वाजतील, तेवढ्यात डावं आवळत ज्योत बारीक करायची आणि शेवटच्या ठोक्याला उजवं बंद. सोपं. पण सरावात सहाही वेळा ठोका पडून गेला तरी नळीत उरलेल्या गॅसवर एक निळी शेपटी वर लुकलुकत राहिली. चार सेकंद. एकदा सात. आज तसं झालं तर टोपणनाव सुटणार नव्हतं, फक्त आकडा बदलणार होता.

इशारा देणार होते समारोपाचे दिग्दर्शक. त्यांचा घसा बसला, म्हणून कानातल्या यंत्रावर काकू आल्या. चाळीस वर्षं रंगमंचामागे राहून शेकडो पडदे पाडलेल्या. पण संपलं, फुटलं, विझलं हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. निघतानाही त्या 'जाते' म्हणत नसत, 'येते' म्हणत.

"पोरी, तयार?"

"तयार, काकू."

ढोल सुरू झाले.

"हं. ज्योत वाढवायला घ्या!"

फिटरनं भावाकडे पाहिलं. "वाढवायला?"

"वाढवायलाच म्हणाल्या."

"पण कागदावर तर..."

"अगं, वरून हुकूम आलाय. फिरव!"

तिनं डावं चाक उलटं फिरवलं. पूर्ण.

ज्योत दुप्पट झाली, चौपट झाली, दोन मजले चढली. ऐंशी हजार चेहरे एकदम नारिंगी झाले. खेळाडू नाचायचे थांबले, आणि मग जी आरोळी उठली तिच्यात ढोलही बुडाले.

"अगं बाई, हे काय!" काकू किंचाळल्या. "वाढव म्हणजे मालव!"

"मग विझवा म्हणायचं ना, काकू!"

"असं कसं म्हणू तोंडानं, भरल्या मैदानात!"

"ठोके किती उरले?"

"चार!"

डावं आवळायला वेळच नव्हता. ते तसंच उघडं टाकून तिनं दोन्ही हातांनी उजवं चाक धरलं. तीन. दादानं तिच्या हातांवर हात ठेवले. दोन. दोघांनी मिळून हिसका दिला.

शेवटचा ठोका.

ज्योत नव्हती. डावं सताड उघडं राहिल्यानं नळीतला उरलासुरला गॅस त्या उसळीतच जळून गेला होता. निळी शेपटी नाही, ठिणगी नाही. खांबाच्या टोकाला स्वच्छ, रिकामं आकाश.

मग माणसं उभी राहिली, एक बाजू, दुसरी बाजू, सगळं मैदान. पायाखालचं लोखंड थरथरलं. दादानं बहिणीला खांद्यावर उचललं, तिचं डोकं जाळीला आपटलं, आणि ती डोकं चोळत रडत हसत राहिली.

कानात काकूंचा आवाज आला, दम लागलेला. "मी म्हटलं तसंच केलंस हो. आधी वाढवलीस, मग वाढवलीस."

मूळ आराखड्यात चाक एकच होतं; उजवं बसवायचा हट्ट फिटरनं सात महिन्यांपूर्वी, तीन बैठकांमध्ये एकटीनं धरला होता.