मनगटावरची मोजणी

नीलांबरीने शालीखालून यज्ञेश्वर सरांच्या मनगटावर एक बोट दाबले.

“मादी,” सर म्हणाले. डोळ्यांना लावलेली दुर्बीण तसूभरही हलली नाही.

सुहासने वहीत रेघ ओढली. मनोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला अश्विनीने आपल्या कागदावर स्वतंत्र खूण केली. यंदा नियम नवा होता. सरांनी सांगायचे, सुहासने लिहायचे. अश्विनीने तोंड मिटून स्वतःची नोंद ठेवायची आणि अंधार पडल्यावर दोन्ही आकडे ताडून पाहायचे. तीन संध्याकाळी आकडे जुळले होते. आजची चौथी, शेवटची. आजही जुळले तर कर्जतकडच्या या तलावावरची भोवत्यांची गणना सरांकडेच राहणार होती. नाही जुळले तर पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ती सरांकडून अश्विनीकडे जाणार होती. सुहास सरांचाच विद्यार्थी. हा नियम सांगताना तो आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला होता.

नीलांबरीने दोन बोटे दाबली.

“नर. आला बघ राखाडी पंखांचा.”

तलावावरून येणारा भोवत्या बांध ओलांडून माळावर गेला, गवतावर एक गिरकी घेतली आणि आत उतरला. कार्तिकात हे शिकारी पक्षी उत्तरेकडून येत आणि रात्रीपुरते याच गवतात बसत.

राखणदार कानिफनाथ चहाची किटली घेऊन जिना चढून आला.

“सर, आज घारी लई कमी हायेत.”

“भोवत्या म्हण. घार उकिरड्यावरची.”

“पंचवीस वर्सं पट्ट्या खाल्ल्या तुमच्या, पन वाकड्या चोचीची ती मला घारच.” त्याने पेला पुढे केला. “काकू, च्या?”

नीलांबरीने नकारार्थी मान हलवली. तिच्या दुसऱ्या हातात जपमाळ होती.

“मौन हाय व्हय अजून?”

“एकादशीपर्यंत,” सर म्हणाले. “सूर्य कलला की पहिली चांदणी दिसेस्तोवर बोलायचं नाही. तरी बरं, चातुर्मास चारच महिन्यांचा. हिचे नेम हिला फळतात की नाही माहीत नाही, मला मात्र फळतात.”

सगळे हसले. नीलांबरीही हसली.

“काकू सरांचा हात सोडत म्हणून नाहीत,” अश्विनी पहिल्या दिवशी सुहासला हळूच म्हणाली होती. “किती गोड ना, या वयात.”

सरांची मधली नजर तीन वर्षांपूर्वीच गेली होती. कडेने उजेड कळायचा, कुणी आले-गेले कळायचे; समोरचे काही दिसायचे नाही. नगरच्या डॉक्टरांनी आता उपाय नाही असे सांगितले, तेव्हा बाहेर येऊन सर एवढेच म्हणाले होते, “हे कुणाला कळता कामा नये.” एक बोट मादी, दोन बोटे नर, हे त्यांनीच ठरवले. नीलांबरीने पक्षी ओळखायला महिनाभर घेतला. सरांनी तेवढ्यात तिला चार वेळा मठ्ठ म्हटले. मग मात्र तिची एकदाही चूक झाली नाही.

गेल्या वर्षी गणनेच्या पहिल्याच दिवशी राहात्याहून रुचाचा फोन आला होता. सातव्या महिन्यात बाळंत झाली, मुलगी आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे. “आई, तू ये.”

“चार दिवसांचा तर प्रश्न आहे,” सर म्हणाले होते. “मूल कुठं पळून जात नाही. पक्षी थांबायचे नाहीत.” दुसऱ्या दिवशी रुचाचा फोन आला, तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी, मनोऱ्याच्या पायथ्याशी असताना जावयाचा आला. बाळ गेलं होतं. नीलांबरी खालच्या पायरीवर बसून राहिली. सर वर चढायला थांबले होते. “आता जाऊन काय बघायचंय?” ते म्हणाले. “चल.” ती उठली. त्या संध्याकाळी तिने एकतीस वेळा बोट दाबले.

यंदा आषाढात तिने हा मौनाचा नेम धरला. का, ते सरांनी विचारले नाही.

ऊन माळावरून उतरले. बराच वेळ काही आले नाही. सुहासने वही गुडघ्यावर ठेवली.

“सर, उद्या नगरला पक्षिमित्रांच्या सभेत तुमच्याबद्दल बोलायचंय मला. पंचवीस वर्षांत एकही दिवस चुकला नाही, असं म्हणू ना?”

“म्हण की. खरंच आहे.” सर जरा ताठ बसले. “गेल्या वर्षी घरात अडचण होती, तरी चुकवला नाही.”

“कसली अडचण?”

“काही नाही रे. बायकांचं आपलं काहीतरी.”

जपमाळेचा एक मणी तिच्या अंगठ्याखाली अडकल्यासारखा थांबला.

आकाश पुसलेल्या पाटीसारखे कोरे होते. तलावावर एक टिटवी तेवढी ओरडत गेली. नीलांबरीने त्या कोऱ्या आकाशाकडे पाहिले आणि एक बोट दाबले.

“मादी,” सर म्हणाले.

सुहासने रेघ ओढली. तिने दोन बोटे दाबली. मग एक. मग पुन्हा दोन.

“नर. मादी. नर… अरे, येतायत! दोन नर. थवा आहे सुहास, लिही, लिही!”

अश्विनीने दुर्बीण इकडून तिकडे फिरवली आणि खाली घेतली. कानिफनाथ कपाळावर हात धरून वर बघू लागला.

“कुठं हायेत…”

सुहासने ओठांवर बोट ठेवले.

“असा थवा मी पहिल्या वर्षी पाहिला होता,” सर म्हणत होते. त्यांचा आवाज ओला झाला होता, मान पक्ष्यांच्या मागे वळावी तशी माळाकडे वळत होती. “बारा… तेरा, नर… बघ, बघ कसा तिरका आला!”

नीलांबरी दाबत राहिली. घाई नव्हती, जोर नव्हता. रोज दाबत होती तशीच.

वीस झाले तेव्हा सर थांबले.

“सुहास, पेन्सिलीचा आवाज येत नाही.”

अश्विनीने सुहासकडे पाहिले.

“लिहितोयस ना?”

“सर, आज इथंच थांबू या,” सुहास म्हणाला. “उजेडही कमी झालाय. तुम्ही खूप केलंत. पुढच्या वर्षी तुम्ही नुसतं या, खुर्ची टाकू आपण. अश्विनी मोजेल.”

“थवा अर्ध्यात सोडून?”

सुहासने वही मिटली. तो आवाज सरांना नीट ऐकू आला. त्यांनी दुर्बीण हळूहळू खाली घेतली आणि चेहरा नीलांबरीकडे वळवला, थेट नव्हे, जरा बाजूला, कडेने ती दिसेल असा. तिने त्यांच्या मनगटावरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात अश्विनी ओरडली.

“सुहासदादा, वर! वर बघ!”

पाण्यावरून ते येत होते. आधी पाच-सहा, मग इतके की बांधावरची संध्याकाळ हलू लागली. राखाडी, तपकिरी, एकावर एक, आवाज न करता. सुहासने वही उघडली. अश्विनी आकडे ओरडू लागली आणि मधेच हसू लागली.

“माझ्या बापा,” कानिफनाथ म्हणाला, “एवढ्या घारी मी जल्मात बगितल्या न्हाईत!”

सरांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. मग डावा हात चाचपडत नीलांबरीच्या मांडीवर आणून ठेवला, मनगट वर करून.

“नीला,” ते फक्त तिला ऐकू जाईल असे म्हणाले. “आहेत?”

तिची दोन्ही बोटे माळेवर होती. ती बघत होती. एकेक भोवत्या गिरकी घेऊन गवतात उतरत होता, आणि एकेक मणी पुढे सरकत होता. मनगट बराच वेळ तसेच उताणे पडून राहिले.

शेवटचा पक्षी उतरला. सुहास आणि अश्विनी आकड्यावर आकडा वाचून दाखवत होते, सरांकडे पाठ करून. पश्चिमेला चांदणी दिसली. नीलांबरीने माळ कपाळाला लावली, पिशवीत ठेवली.

“किती आले?” सरांनी विचारले.

“आता काय बघायचंय,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “चला.”

सरांनी दुर्बीण खाली घेतली. मग काठी टेकून उठले.

जिन्याला एकवीस पायऱ्या होत्या. तीन वर्षे ती त्यांना अशीच उतरवत आली होती, पायरीपायरीला मनगट दाबत. तिने त्यांचा हात धरला, स्वतः एक पायरी खाली उतरून उभी राहिली आणि बोट दाबले.

पायरी होती. सरांनी पाय उचलला, आणि तो तसाच हवेत धरून ते उभे राहिले.

तिने पुन्हा दाबले.