हलवून दाखवा बघू!

आमच्या ह्यांना, म्हणजे तात्यारावांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि आमच्या बिबवेवाडीतल्या घरात प्रदर्शनच भरलं. भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं ठेवतो, खुर्ची ओढतो आणि फर्मावतो, "तात्या, उजवा हात हलवून दाखवा बघू!" हलला तर "वा!", नाही हलला तर "च्च च्च".

महिन्याभरात हे अगदी गप्प झाले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या चेतननं बजावलं होतं, रोज बोटं उघडमीट केली नाहीत तर हात कायमचा आखडेल. पण मी नुसती जवळ गेले तरी ह्यांचा हात पांघरुणात. दिवसभर वाचन. आणि काय वाचन? उडती जहाजं, समुद्राखालचं राज्य, सात डोळ्यांची राणी!

आमच्या नम्रतानं बापाला उमेद यावी म्हणून अर्धांगातून बऱ्या झालेल्या माणसाची कादंबरी आणली. दोन पानं वाचून ह्यांनी ती पलंगाखाली टाकली. माझं डोकंच फिरलं.

"अहो, हात आखडत चाललाय आणि राण्या कसल्या वाचताय? आपल्या उपयोगाचं वाचा की जरा!"

"त्या कादंबरीतही दिवसभर हातच आहे गं," ते म्हणाले. "इथला पुरे नाही का? राणीच्या राज्यात मला कुणी ओळखत नाही. हलवून दाखवा म्हणत नाही."

मला रडूच आलं. रोज सकाळी पहिलं तेच विचारणारी मीच होते.

संध्याकाळी ह्यांचे कारखान्यातले मित्र महिपती आले. खुर्ची ओढलीच. "तात्या, हलवून..."

"भाऊजी, तो खेळ बंद झालाय," मी म्हटलं. "चहा घ्या आणि दुसरं काही बोला."

चहा पिऊन तोंड फुगवून गेले. जाऊ देत.

मी पलंगावर बसले. "त्या राणीचं काय झालं हो?"

चेष्टा करत नाही ना, म्हणून ह्यांनी निरखून पाहिलं. मग सांगू लागले. राणीचं जहाज वादळात, त्यात सुकाणूवाला फितूर. ऐकता ऐकता मी त्यांची बोटं एकेक उघडत होते. हात पांघरुणात गेला नाही. करंगळीपाशी ते थांबले.

"दुखतंय?"

"नाही. इथपर्यंतच वाचलंय."

"मग उघडा की पुस्तक!" करंगळी न सोडता मी म्हटलं. "तो मेला फितूर सापडला की नाही?"