घोड्याखालचं अक्षर

प्रमिलाबाई गेल्या, मागे एकच गिनी ठेवून. सोनाराने किती वेळा सांगितलं, तरी तिला कडी लावू दिली नाही त्यांनी. कापडाच्या थैलीत शिवून जन्मभर गळ्यात वागवली आणि जाताना तान्ह्या नातीच्या, काजलच्या गळ्यात बांधली. म्हणून तर ती कोरीकरकरीत राहिली होती.

त्यांच्या दोघा मुलांचं निम्मं-निम्मं ठरलंही होतं. पण थोरल्या सुनेने, चेतनाने, मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. गिनीवरच्या घोड्याच्या टापांखाली मुंबई टाकसाळीचं बारीक अक्षर! नाणेवाला फोनवर म्हणाला, अक्षर ठसठशीत आणि नाणं न झिजलेलं असेल तर सोन्यापेक्षा जास्त देणारे हौशी भेटतात; ठेचलं, घासलं, की नुसतं वजन. तिने हौसेने ते घरात सांगितलं आणि निम्मं कुणालाच नको झालं.

भरदुपारी धाकटा धर्मेंद्र अंगणात आला तो कुऱ्हाड घेऊनच.

"वहिनी, गिनी दे."

"पोर झोळीत निजलीय, भाऊ. हे येऊ द्या."

त्याने कुऱ्हाड टाकली आणि झोळीत हात घालून दोरा हिसकला. दोरा तुटेना. पोर दोऱ्यासकट उचलली गेली. रडं गळ्यातच अडकलं, तोंड निळं पडलं. चेतनाने त्याच्या मनगटात दात रोवले, तोंडात रक्त येईतो. दोरा तुटला, थैली खाली पडली.

किंकाळी ऐकून थोरला हेमकांत खळ्यातून धावत आला.

"मन्ही पोरले हात लावस?" म्हणत त्याने भावाचं डोकं ओट्यावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. धर्मेंद्रच्या हाताला कुऱ्हाड लागली. पहिला घाव हेमकांतच्या खांद्यात गेला.

"आते मारीच टाकसू तुले!" धर्मेंद्र ओरडला.

दुसरा घाव वर उचललेला असतानाच ओट्याजवळच्या पाट्यावर वरवंटा दणाणला. चेतना थैलीतून काढलेली गिनी ठेचत होती.

"घ्या! घोडा गेला, अक्षर गेलं. आता नुसतं सोनं. आता करा निम्मं!"

"हाई काय करं वहिनी तू!"

धर्मेंद्रने नाण्यावरून नख फिरवलं. सपाट. मग उचललेली कुऱ्हाड त्याने नाण्यावरच घातली. दगडाची कपची चेतनाच्या गालात घुसली. आपला तुकडा उचलून, कुऱ्हाड तिथेच टाकून, तो थुंकत निघून गेला.

हेमकांतने रक्ताळल्या बोटांनी उरलेला तुकडा उन्हात धरला.

"देख ना, इकडे थोडं अक्षर दिसस का?"

काजलच्या गळ्यावर लाल वळ उठला होता. चेतनाने तिला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने कुऱ्हाड उचलली.

"दवाखान्यात चला," ती म्हणाली. "तो तुकडा आधी खाली टाका."

तुकडा खाली पडला, तरी कुऱ्हाड तिने सोडली नाही.