बांधावरचे गुलाब

“कलमाचा डोळा भरलाय त्याच्या खालून जे फुटेल ते ठेवायचं नाही, ताई. रानटी असतं ते. दिसलं की कापायचं.”

रोपवाटिकेतल्या माणसाचं हे सांगणं दमयंतीबाई सहा वर्षं व्रतासारखं पाळत आल्या होत्या. आजही दहिवरात वाकून त्यांनी गुलाबाच्या बुंध्यापासचा हिरवा फुटवा छाटला. वरचं कलम भंडारदऱ्याच्या थंडीनं काळं पडलं होतं. दत्तापुढे रोज एक फूल, तेही आपल्या हातच्या झाडाचं, असा त्यांचा नेम. पौष लागल्यापासून तो तुळशीच्या पानावर भागत होता.

आणि बांधापलीकडे लंकाबाईचं कुंपण गुलाबी घोसांनी लवलेलं. ना खत, ना औषध, ना आळं. लंकाबाई दोनदा ओंजळभर फुलं घेऊन आली होती. नेमाचं कारण सांगून दमयंतीबाईंनी ती दारातूनच परतवली. तिची पाठ वळली की जपाचा मणी मात्र बोटांत अडकून राहायचा.

दुपारी लंकाबाई घराची किल्ली घेऊन आली. लेकीच्या बाळंतपणाला श्रीरामपूरला महिनाभर जायचं होतं.

“झाडास्नी काय बी नको, वयनी. तेवढं माझ्या खंडोबाला रोज एक फूल वाहा.”

“वाहीन,” म्हणत दमयंतीबाईंनी किल्ली घेतली. मग न राहवून विचारलं, “कुठून आणलीस गं ही जात?”

लंकाबाई हसली. “आनतीया कुठून? तुमीच बुडाच्या काड्या छाटून बांधावर टाकायच्या की. वाया कशाला घालवायच्या, म्हून म्या कुंपनाला खोचल्या. लागल्या. इचारलं कुनी, तर सांगते, आमच्या वयनींचे गुलाब हायेत.”

सकाळचा फुटवा पायरीशी पडला होता. दमयंतीबाईंनी तो पायानं हलकेच आड सारला, आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या. आत बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी स्नान करून त्या बांध ओलांडून गेल्या. फुलं दवानं जड झाली होती. वयनींचे गुलाब. त्यांनी एक फूल खुडलं. हात दुसऱ्याकडे गेला, तिथंच थबकला, मागे आला.

घरी त्यांच्या दत्ताची पूजा अजून व्हायची होती. कमरेची किल्ली काढून त्या लंकाबाईच्या दाराकडे निघाल्या.