सासूबाईंच्या अंगातले राखणदार

“माझ्याच अंगातल्यांना मी मारू?” सासूबाईंनी गोळी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर परत ठेवली. “नाय खायाची मी.”

मुरबाडच्या त्या दवाखान्यात मी कपाळाला हात लावला. धसईहून एसटीने यायचं, रांगेत ताटकळायचं आणि ऐन वेळी हे! पण आमच्या सुंदराबाई पडल्या मानी. दर आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आमच्या खाचरात भाताची पहिली ओळ त्यांचीच. त्यांच्या चालीवर बाकीच्या बायकांचे हात चालायचे. मी नवी नवरी असताना माझी वाकडी ओळ बघून म्हणाल्या होत्या, “आसनगावची ना तू? लोकलचा पास काढून नाय येत गो आवणी.”

गेल्या वर्षी त्याच हातांची बोटं सुजली, आखडली. आवणीला त्या बांधावर बसून राहिल्या. पेला धरवेना, अंबाडा बांधता येईना. रोज सकाळी मी केस विंचरायला बसले की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. सुनेपुढे मान वाकवायची त्यांना सवय नव्हती, आणि मलाही ते बघवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, की रोगाशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे अंगातले राखणदारच, सासूबाईंचे सांधे कुरतडताहेत. या गोळीने त्यातले बिघडलेले मरतील. तिथेच घोडं पेंड खात होतं.

“राखणदार चुकला तर समजावतात त्याला,” सासूबाई म्हणाल्या. “जन्मभर राखलंय त्यांनी मला. जीव नाय घेत कुनी.”

मला हसू आलं, पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “मावशी, गोळी कुणाचा गळा नाही दाबत. भराभर वाढणाऱ्या पेशीला एक एन्झाइम लागतं. गोळी तेवढं अडवते. काम अडलं, की पेशीला कळतं आता आपलं संपलं. कसं जायचं ते तिच्यात आधीपासूनच असतं. ती स्वतःला आवरतं घेते, आतलं काही बाहेर सांडू देत नाही. उरलंसुरलं शेजारच्या पेशी साफ करतात.”

एन्झाइम म्हणजे विकर, एवढं मी शाळेत पाठ केलं होतं. ते अडवलं की पेशी अशी शहाण्यासारखी निघून जाते, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी आपल्या बोटांकडे बघितलं. “रडारड नाय? घाण नाय?”

“नाही.”

“मग माझीच ती, मानानं जानारी,” त्या म्हणाल्या आणि दोन्ही तळव्यांत धरून गोळी उचलली.

गोळी आठवड्यातून एकदाच, चुकूनही रोज नाही. म्हणून धसईच्या आठवडी बाजाराचा दिवस तोच गोळीचा दिवस ठरला. अधूनमधून रक्त तपासायला मुरबाड. फरक पडायला महिने गेले. बाजारात शेजारची पारू विचारायची, “काय गो, खाल्लीस गोळी?” त्यावर सासूबाई ऐटीत सांगायच्या, “खाल्ली. आज निघतील त्यातली शहाणी.” जणू माहेरच्या पाहुण्यांबद्दलच बोलताहेत.

यंदाच्या आवणीला पदर खोचून त्या चिखलात उतरल्या. बोटं सरळ झाली नव्हती, पण रोप धरत होती. पहिली ओळ त्यांनी लावली. सरळ लावली. मला उभ्या उभ्या रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या ओळीला माझ्या ध्यानात आलं. पारू, मी, सगळ्याच बायका हात मुद्दाम हळू चालवत होतो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना ते कळलंच. त्या थांबल्या आणि हातातली रोपांची जुडी माझ्या हातात दिली.

“ही वळ तुझी आता. वाकडी नको घालूस.”

“आई, तुमीच लावा ना. आमाला घाई नाय.”

“ठावं हाय मना,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच.”

त्या बांधावर चढल्या, पाय धुतले. वाकून वाकून त्यांचा अंबाडा सुटला होता. मी सवयीने चिखलाचे हात पुसत निघाले, तर त्यांनी तिथूनच हात वर करून मला थांबवलं. मग आमच्याकडे तोंड करून, वाकड्या बोटांनी केस गोळा करत, त्यांनी आपला अंबाडा स्वतः बांधला. वेळ लागला.

“बघता काय?” त्या म्हणाल्या. “हात चालवा.”

आम्ही वाकलो. या वेळी कुणी हात हळू चालवला नाही.